प्रमाणपत्रानंतरचा अभ्यास

आम्ही दोघी नणंद-भावजया. गेल्या वर्षी ‘आर’ या संगणकभाषेतून माहितीचे विश्लेषण करण्याचा अभ्यासक्रम आम्ही घरबसल्या पूर्ण केला. प्रमाणपत्रे आली, पेढे वाटले, बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे ती ठेवून आम्ही वंदन केले. आणि दोन महिन्यांनी पाहतो तो काय, साधी फाईल उघडण्याची आज्ञासुद्धा आठवेना!

अभ्यासक्रमात आम्ही शिकलो ते 1974 सालच्या एका अमेरिकन मासिकातील 32 मोटारींवर आणि आयरिस नावाच्या 150 फुलांवर. ही माहिती ‘आर’सोबत तयारच मिळते. सारे स्वच्छ, एकही रकाना कोरा नाही. पण त्या मोटारीत आम्ही बसलो नव्हतो, ते फूल पाहिले नव्हते. उत्तर चुकले तरी कुणाचे काही बिघडणार नव्हते, म्हणून ते डोक्यात राहिलेही नाही.

आमच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. दरवर्षी ग्रंथ तोच. गेल्या वर्षी वाचून झाला, आता पुन्हा कशाला, असे कुणी म्हणत नाही. त्यावरूनच सुचले. वाचन आटोपून, घरची जेवणे झाली की रोज एक तास जुन्या लॅपटॉपवर बसायचे ठरविले. ‘आर’ फुकट मिळते, तेव्हा पैशांची सबब नव्हती. सबब होती ती झोपेची! एक पेंगली की दुसरी हलवी.

या वेळी मोटारी नकोत, आपलेच काही घेऊ, म्हणून विहारातल्या अभ्यासिकेची वही घेतली. मुलामुलींच्या गणिताच्या चाचणीचे गुण त्यात होते. मुलींची सरासरी काढू गेलो तर आकड्याऐवजी ‘एनए’ ही दोन अक्षरे आली. कोरी जागा असली की ‘आर’ असेच उत्तर देते. आम्हाला त्याचा राग आला. कोऱ्या जागी शून्य घातले, सरासरी आली 36. रविवारी वंदना झाल्यावर उभ्या राहून सांगितलेदेखील, की आपल्या मुली गणितात फार मागे आहेत.

सभा संपल्यावर एक माउली जवळ आली. म्हणाली, “ताई, माझी पोर नापास नाही झाली. ती त्या दिवशी आलीच नव्हती.”

आम्ही वरमलो. रात्री पुन्हा वही उघडली. मुली 14, चाचणीला बसलेल्या 9. त्या नऊ जणींची सरासरी 56! पाच शून्ये आम्ही आमच्या हाताने घातली होती. पुढच्या रविवारी सर्वांसमोर चूक कबूल केली, हे सांगायला लाज वाटत नाही.

पण खरा धडा त्यानंतरचा. आता 56 म्हणून स्वस्थ बसावे, तर पाच मुली गेल्या कुठे? संगणक ते सांगत नाही. पाचही घरी जाऊन आलो. तीन घरांत उत्तर एकच मिळाले: चाचणीची वेळ आणि नळाला पाणी येण्याची वेळ एकच होती. हंडे कुणी भरायचे, तर मुलीने. चाचणी आता संध्याकाळी घेतात.

1918 साली बाबासाहेबांनी भारतातील लहान जमीनधारणेवर निबंध लिहिला. शेत किती एकरांचे एवढ्यावरून ते किफायतशीर की नाही हे ठरत नाही, त्यावर राबणारे हात आणि भांडवल किती तेही पाहावे लागते, असे त्यांनी त्यात मांडले. हा निबंध आम्ही पूर्वी नुसता चाळला होता. पाच घरी जाऊन आल्यावर वाचला तेव्हा पेन्सिल घेऊन बसलो.

सध्या 2011च्या जनगणनेची कोष्टके घेतली आहेत. त्या वर्षी देशात बौद्ध 84,42,972, पैकी महाराष्ट्रात 65,31,200. बौद्धांची साक्षरता 81.29 टक्के, देशाची 72.98. आम्ही स्वतः भागाकार केला तर आकडा बराच कमी आला. दोन रात्री डोके खाजविले. मग उमगले, साक्षरता मोजताना 7 वर्षांखालील मुले वगळतात. आम्ही पाळण्यातली बाळेही धरली होती. आता स्त्री-पुरुषांचे आकडे वेगळे काढतो आहोत, आणि जिल्ह्यांच्या दोन फाईली जोडताना अडलो आहोत. एकीत जिल्ह्याचे नाव एका तऱ्हेने लिहिले आहे, दुसरीत दुसऱ्या.

असा अभ्यासक्रम ज्या भगिनींनी पुरा केला असेल, त्यांनी रविवारी वंदनेनंतर अभ्यासिकेत अवश्य यावे. येताना आपल्या बचत गटाची किंवा शाळेची वही आणावी. कोऱ्या जागा असल्या तरी चालतील.