दोघांना जगू द्यायचं

रत्नागिरीतली एक लेखिका दोन पुरुषांच्या प्रेमकथा लिहिते. तिचे नायक मांडवीच्या जेटीवर भेटतात, भाट्याच्या पुलावरून घरी परततात. स्वतः ती पुरुषावर प्रेम करणारी बाई. मग हे लिहिण्याचा अधिकार तिला आहे का? तिच्या वहीत हा प्रश्न वारंवार येतो.

तिने वाचलेल्या गोष्टींत मात्र मृत्यूच फार. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं. रोहिणी हट्टंगडींनी साकारलेली मित्रा एका मुलीवर प्रेम करते आणि शेवटी जीव देते. अॅनी प्रू यांच्या १९९७ च्या ‘ब्रोकबॅक माउंटन’ या कथेतही पुरुषावर प्रेम करणारा जॅक मरतो. कित्येक पुरुष वाचकांनी गोड शेवट लिहून पाठवले, तेव्हा प्रू वैतागल्या. या लेखिकेला मात्र ते वाचक आपले वाटतात. इतके मृत्यू वाचल्यावर कुणीतरी जगलंच पाहिजे!

सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी तिला अधिक जवळची. तनय आणि त्याची बहीण अनुजा एकाच तरुणावर प्रेम करतात. त्यातली अनुजाची डायरी पुरुषाने लिहिली आहे; मग पुरुषांची गोष्ट बाईने का लिहू नये?

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला, पण २०२३ मध्ये विवाहाला मान्यता दिली नाही. म्हणून तिचे नायक भाड्याची खोली शोधतात, तेव्हा घरमालक काय विचारेल, आजारपणात इस्पितळात सही कोण करेल, हे ती आधी लिहून काढते.