उठण्यापूर्वी क्षणभर

भाद्रपद शुद्ध पंचमीस दशलक्षण पर्व सुरू झाले की आक्कांच्या घरात पहाटे चारलाच दिवा लागत असे. वय 68, परंतु पर्वातील दहा दिवसांचे एकाशन त्यांनी कित्येक वर्षांत चुकविले नव्हते. गेल्या वर्षी सहाव्या दिवशी सामायिक आटोपून त्या आसनावरून उठल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि भिंतीला हात लागण्यापूर्वीच त्या कोसळल्या. डाव्या मनगटाचे हाड मोडले.

घरच्यांच्या मनाला अधिक लागली ती नंतर उलगडलेली गोष्ट. चक्कर चार दिवसांपासून येत होती. “सांगितलं असतं, तर तुम्ही मला एकाशन करू दिलं नसतं,” एवढेच आक्का म्हणाल्या. सूनबाई काही बोलल्या नाहीत. परंतु त्यांचे डोळे भरून आले.

डॉक्टरांनी आक्कांना आडवे झोपवून रक्तदाब मोजला, तो 118/72 भरला. उभे करून तीन मिनिटांच्या आत मोजला, तेव्हा 90/58. उभे राहिल्यावर वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 अंकांनी उतरला, तरी ती दखल घेण्याजोगी घसरण मानली जाते. माणूस उभा राहताच रक्त पायांकडे व पोटाकडे ओढले जाते. त्या क्षणी रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयाची गती वाढते आणि मेंदूचा पुरवठा टिकून राहतो. वयोमानाने ही तत्परता मंदावते. त्यातच आक्कांचे पाणी दिवसातून एकदाच, रसपरित्याग म्हणून मीठही सोडलेले आणि उच्च रक्तदाबाची गोळी मात्र नेहमीच्याच मात्रेत चालू. जमेची बाजू आटली होती. खर्च तसाच होता.

डॉक्टरांनी गोळीची मात्रा बदलली. ती आपल्या मनाने बंद करू नये, तसेच मूळचा विकार उच्च रक्तदाबाचा असल्याने मीठही स्वतःहून वाढवू नये, असे त्यांनी बजावले.

घराची रीत हळूहळू बदलली. जाग आली की आक्का दोन मिनिटे पलंगाच्या कडेला बसतात, पावले वर-खाली हलवितात आणि आधार धरून उभ्या राहतात. पाऊल उचलण्यापूर्वी पुन्हा क्षणभर थांबतात. सूर्योदयानंतर उकळून गाळलेले पाणी दिवसभर थोडे थोडे घेतात. एकदम भरपेट जेवत नाहीत, कारण जेवणानंतर रक्त पचनसंस्थेकडे वळते आणि दाब उतरू शकतो. स्नान कोमट पाण्याने, स्टुलावर बसून होते. अंधारी आली तर तिथेच बसायचे, शक्य असल्यास आडवे होऊन पाय उंचावर ठेवायचे, हे घरातील सर्वांना ठाऊक आहे. निजून व उभ्याने घेतलेले आकडे नात वहीत तारीखवार मांडते.

यंदा पर्व जवळ आले, तसा आक्कांचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी एकाशनास संमती दिली नव्हती. एका संध्याकाळी नात पाठशाळेचा पाठ म्हणत होती. सहा बाह्य तपे झाली, आभ्यंतर तपांत प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्त्य अशी नावे घेत ती स्वाध्यायापाशी आली आणि थांबली. “आजी, स्वाध्याय हेही तपच ना?” आक्का बराच वेळ गप्प राहिल्या. ही बारा नावे त्यांनीच तिच्याकडून पाठ करून घेतली होती.

यंदाचे दहाही दिवस त्या सूर्यास्तापूर्वी दोन वेळा बेताचे जेवल्या, पाणी वेळोवेळी घेतले आणि रोज तासभर स्वाध्याय केला. सहाव्या दिवशी ग्रंथ मिटून उठताना त्यांना किंचित गरगरले. त्या पुन्हा आसनावर बसल्या आणि त्यांनी हाक मारली, “सूनबाई, जरा ये गं. डोळ्यांपुढं अंधारतंय.”

सूनबाई हातातले काम टाकून धावल्या. वर्षभर त्या याच हाकेची वाट पाहत होत्या.