चिखलदऱ्याचा पिझ्झा, परतवाड्याची भाकर

श्रावणातल्या एका रविवारी आम्ही सहकुटुंब चिखलदरा पाहायला निघालो. अमरावतीहून एसटीने परतवाड्याला उतरलो तेव्हा हवेत ओल्या सागवानाचा वास होता. मेळघाटातले लाकूड इथल्या डेपोत येते आणि आरामशिनींवर चिरले जाते. स्टँडबाहेरून काळीपिवळी ठरवली. आई, दोन भावांची कुटुंबे आणि पोरे मिळून सात जण. घाट लागला तशी पोरे खिडकीला चिकटली.

चिखलदरा १,११८ मीटर उंचीवर आहे. भीमकुंड पाहिले, देवी पॉइंट पाहिला, गाविलगडाचे दरवाजे धुक्यात अर्धेच दिसले. सगळे छान. पण दोन वाजता भूक लागली आणि खरी सहल तिथून सुरू झाली.

सुटीच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. एका हॉटेलच्या रंगीत पाटीवर पिझ्झा, पास्ता, चायनीज, पंजाबी असे सगळेच लिहिलेले. पुतण्याने पिझ्झ्याचा हट्ट धरला. आम्ही भाव न विचारता बसलो, ही आमची चूक. तासाभराने आला तो मैद्याचा चामट गोळा, वर टमाट्याचा गोड सॉस. आई म्हणाली, "हे तं शिळ्या पोळीले चटणी लावल्यावानी हाय." तिने खाल्लेच नाही. बिल पाहून भाऊ बराच वेळ बोलला नाही.

बिचाऱ्या पिझ्झ्याचा यात दोष नाही. इटलीतल्या नेपल्स शहरात ते गरीब कष्टकऱ्यांचे, रस्त्यावर उभ्या उभ्या खायचे अन्न होते. कणकेची जाड पोळी तापल्या भट्टीत भाजायची, वर टमाटा, लसूण. आपल्या गोवऱ्यांच्या आरावर भाजलेल्या रोडग्याचे ते लांबचे भावंडच. पण रोडगाही फ्रीजमधून काढून गरम केला, तर तो रोडगा राहील काय?

बाहेर आल्यावर रबडीने जरा तोंड गोड केले. इथले गवळी रानात म्हशी चारतात. दूध घाट उतरून नेण्यापेक्षा आटवून खवा नेणे सोपे, म्हणून इथला खवा आणि रबडी नावाजलेली. द्रोणात दिलेली ती रबडी आईने बोटाने पुसून खाल्ली.

उतरताना आम्ही ड्रायव्हरभाऊंना विचारले, "तुम्ही स्वतः कुठं जेवता?" हा प्रश्न सकाळीच विचारायला हवा होता. जो रोज त्या रस्त्याने जातो, त्याला पोट बिघडवून चालत नाही. त्यांनी परतवाड्यात एका गल्लीतल्या खानावळीसमोर गाडी थांबवली. पाटीसुद्धा नव्हती. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, आणि बाकांवर हमाल, ड्रायव्हर बसलेले. या वेळी भाव आधी विचारला. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, पिठलं, ठेचा. सात जणांचे मिळून पिझ्झ्याच्या अर्ध्या बिलात झाले.

आई मधल्या बाकावर बसली. पाण्याचा तांब्या सगळ्यांसाठी एकच होता, तो तिने हातात घेतला आणि थोडा वेळ तशीच राहिली. मग म्हणाली, "आमच्या गावच्या हाटेलात आपला कप बाहेर खिळ्याले टांगला राहे. आपणच धुवाचा, आपणच टांगाचा." हॉटेले, उपाहारगृहे कोणालाही बंद ठेवता येणार नाहीत, हे घटनेच्या कलम १५ मध्ये १९५० सालीच आले. खेड्यातल्या चहाच्या टपरीपर्यंत ते पोहोचायला मात्र फार वर्षे लागली. पोरांना हे माहीत नव्हते. पुतण्याने विचारले, "मग तू आत काऊन नाही गेली, आजी?" आई नुसती हसली.

ठेचा जहाल होता. पुतण्या दोन ग्लास पाणी पिऊन पुन्हा ठेच्याकडेच वळला. अमरावतीची गाडी लागल्याचे कोणीतरी सांगत आले, भाऊ पैसे द्यायला उठला.

"थांब जरा," आई म्हणाली आणि चुलीकडे वळून हाक दिली, "बाई, अजून एक भाकर दे वं. गरम पायजे."