समोरच्याला उभे करणारा नट: जेफ कोरी

नायक-नायिकेभोवतीचा बाप, डॉक्टर, शेरीफ किंवा खुनी अशा भूमिका करून कथेतील जग विश्वसनीय करणाऱ्या नटास चित्रपटाच्या परिभाषेत चरित्र अभिनेता म्हणतात. त्याला दोन-चार प्रसंगांत एका माणसाचे सबंध आयुष्य सुचवावे लागते, आणि तसे करताना प्रसंग स्वतःकडे ओढून घेण्याचा मोहही आवरावा लागतो. म्हणून या कलेचा पाया समोरच्या नटाकडे दिलेल्या अखंड अवधानात असतो, आणि हे अवधान अध्यापनापासून फार दूर नाही, याची साक्ष अमेरिकन अभिनेते जेफ कोरी (१९१४–२००२) यांच्या कारकिर्दीत मिळते.

ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या कोरी यांनी १९४९ सालच्या ‘होम ऑफ द ब्रेव्ह’ या चित्रपटात लष्करी डॉक्टरची भूमिका केली. युद्धातील मानसिक आघातामुळे पाय लुळे पडलेला एक कृष्णवर्णीय सैनिक त्याच्याकडे उपचारांसाठी येतो. औषधांनी जे साधत नाही ते साधण्यासाठी हा डॉक्टर शेवटी जाणूनबुजून त्याच्या वंशाला उद्देशून शिवी हासडतो, त्यासरशी संतापलेला सैनिक उठून चालू लागतो आणि पुढच्याच क्षणी डॉक्टरच्या आधाराने रडतो. समोरच्याच्या आत अडकून पडलेले काहीतरी मोकळे करणे हेच या भूमिकेचे कार्य होते, आणि पुढे कोरी यांना प्रत्यक्ष आयुष्यातही तेच करावे लागले.

साम्यवादी असल्याच्या संशयावरून चित्रपटव्यावसायिकांची चौकशी करणाऱ्या प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे १९५१ मध्ये कोरी यांना बोलावण्यात आले. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही, या राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीतील संरक्षणाचा आधार घेऊन त्यांनी सहकाऱ्यांची नावे सांगण्यास नकार दिला आणि परिणामी त्यांचे नाव काळ्या यादीत गेले, म्हणजे स्टुडिओंनी त्यांना काम देणे बंद केले. ऐन उमेदीतील सुमारे बारा वर्षे अशी गेली. या काळात त्यांनी अंगमेहनतीची कामे केली, विद्यापीठात वाचादोषांवरील उपचारांचे शिक्षण घेतले आणि घराच्या गॅरेजमध्ये अभिनयाचा वर्ग सुरू केला.

ज्या स्टुडिओंची दारे त्यांना बंद होती, तेच स्टुडिओ आपले नट त्यांच्याकडे शिकायला पाठवू लागले, ही विसंगती जितकी लाजिरवाणी तितकीच बोलकी आहे. जेम्स डीन, लेनर्ड निमॉय आणि जॅक निकल्सन यांनी त्यांच्याकडे धडे घेतले. कोरी यांच्या वर्गात नटांच्या हाती एक प्रवेश दिला जाई आणि संहितेशी विसंगत अशी परिस्थिती त्यांना सांगितली जाई. शब्द बदलण्याची मुभा नसे; मुद्रा, विराम आणि स्वराघात यांच्याच बळावर ती दडलेली परिस्थिती प्रेक्षकांपर्यंत पोहोचवायची असे. माणसे मनातले क्वचितच थेट बोलतात, त्यामुळे उच्चारलेल्या वाक्याखाली वाहणारा अर्थ पकडणे हेच अभिनयाचे मर्म, हा धडा त्यातून मिळे.

साठीच्या दशकात कोरी पडद्यावर परतले. १९६९ सालच्या ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’मध्ये त्यांनी साकारलेला वयस्क शेरीफ दरोडेखोर मित्रांना त्यांचा काळ संपल्याचे कठोरपणे सांगतो, आणि आपल्यावर संशय येऊ नये म्हणून त्यांच्याकडूनच स्वतःला बांधून घेतो. शब्दांत राग आहे, पण त्या रागाखाली निरोपाचे दुःख आहे. गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे शिकवलेला धडा इथे शिक्षक स्वतःच करून दाखवतो.

निकल्सन यांच्या सोबत रॉबर्ट टाउन नावाचा एक तरुणही त्या वर्गाला बसत असे. संवादलेखनाची खरी समज आपल्याला त्या वर्गातील प्रवेश पाहताना आली, हे ऋण टाउन यांनी पुढे उघडपणे मान्य केले. १९७४ साली त्यांनी लिहिलेला आणि निकल्सन यांनी नायकाची भूमिका केलेला ‘चायनाटाउन’ प्रदर्शित झाला, आणि त्याच्या पटकथेस ऑस्कर पुरस्कार मिळाला. त्या चित्रपटात कोरी कुठेही दिसत नाहीत. परंतु त्यातील माणसे बोलतात एक आणि लपवतात दुसरेच, आणि त्या दोहोंमधील अंतरात एका चरित्र अभिनेत्याने दुसऱ्यांसाठी राखलेली जागा दिसत राहते.