माळवदाखालची माणसे

नांदेडला येणारे बहुतेक यात्रेकरू सचखंडाचे दर्शन घेऊन परततात. मुगटकडे वळणारे थोडे. गोदाकाठी तेथे माता साहेब देवां यांचे स्थान आहे. त्यांना पोटचे मूल नव्हते, तरी साऱ्या खालशाची आई म्हणून शीख समाज त्यांना वंदन करतो. अशा आईपणाची आणखी एक ओळख मराठवाड्यात आहे. तिच्यासाठी गोदावरी ओलांडून लोहा, अहमदपूर, चाकूर या वाटेने लातूर गाठावे लागते आणि तेथून दक्षिणेस औसा तालुक्यातील किल्लारीपर्यंत जावे लागते.

वाट बालाघाटाच्या चढउतारांची आहे. दोहों बाजूंना काळी जमीन, तूर आणि सोयाबीन. लातुरात गंजगोलाईपाशी सोळा रस्ते एकत्र येतात, मध्ये जगदंबेचे मंदिर आहे. बाजारपेठ पाहण्यासारखी खरी, पण किल्लारीला निघालेल्याचे मन तेथे फारसे रमत नाही.

जुन्या किल्लारीत आता गाव नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूमी हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक उशिरा निजले होते. दिगंबर जैन घरांत त्याच दिवशी दशलक्षण पर्वाची सांगता झालेली होती, क्षमावणी मात्र अजून व्हायची होती. वर्षभरात सासूसुनेत, जावाजावांत जे काही बोलले गेले असेल, त्याची क्षमा मागण्याआधीच रात्र संपली. लातूर आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. बावन्न गावे मूळ जागा सोडून नव्याने वसवावी लागली.

या भागातील जुने घर म्हणजे दगडमातीच्या, दोन-अडीच फूट रुंदीच्या भिंती आणि वर माळवद. लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. चैत्र-वैशाखाच्या उन्हात आत गारवा असे. पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती चढे. तिची मळणी आणि चोपणी, खालची सारवणूक या कामांत घरातल्या बायकांचे हात असत. सासूने जे केले तेच सुनेने केले. थरावर थर चढत गेले आणि पिढ्यांच्या त्या जपणुकीचेच ओझे त्या पहाटे खाली आले. यात कोणाचा दोष काढू नये. उन्हापावसाला त्या माउल्यांपाशी तेवढाच उपाय होता.

ढिगाऱ्यातून वाचलेल्या कित्येक आज्यांना उतारवयात पुन्हा आई व्हावे लागले. लेक गेलेली, सून गेलेली, मांडीवर मात्र नातवंड. नव्या वसाहतीतले घर हलक्या छपराचे आणि पक्क्या भिंतींचे, तरी ‘छताखाली झोप लागत नाही’ म्हणून अंगणात बाज टाकणारी म्हातारी माणसे पुढे कितीतरी दिवस दिसत. ज्यांना तेवढाही आधार उरला नाही, अशा सुमारे १,२०० मुलांना भारतीय जैन संघटनेने पुण्यास नेले. शांतिलाल मुथा यांनी त्यांच्या निवासाचा आणि शिक्षणाचा भार उचलला. मुले कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची, हे विचारले गेले नाही. आज ती मुले स्वतः आईबाप झाली आहेत.

या मुलांपाशी आईचे काय उरले? त्या काळी खेड्यातल्या घरात छायाचित्र असलेच तर एखादे, आणि तेही मातीखाली गेले. स्मृतिस्तंभापाशी दर ३० सप्टेंबरला पुष्पांजली वाहिली जाते. ते आवश्यकच आहे. पण स्तंभाला आईच्या हाताची चव कुठून येणार?

गावे हलली, शेते मात्र हलली नाहीत. मार्गशीर्षातील अमावास्येला, येळवशीला, लातूर-धाराशिवचा आणि नांदेडच्या काही भागांतला शेतकरी सहकुटुंब रानात जातो. कडब्याची खोप उभी राहते, आत पाच पांडव म्हणून दगड पुजले जातात. मडक्यात ताक आणि ज्वारीच्या पिठाची अंबील, ताटात बाजरीचे उंडे आणि भज्जी असते. भज्जी म्हणजे ओला हरभरा, तूर, वाटाणा, मेथी असे त्या दिवसांत रानात आणि बाजारात मिळेल ते सारे बेसनात शिजवलेले. कंदमुळे वर्ज्य असलेल्या घरांत तीच भज्जी गाजर, कांदा आणि लसणाविना होते. जेवण उन्हातच उरकत असल्याने सूर्यास्ताची घाईही नसते.

भज्जीचे प्रमाण कोणी लिहून ठेवलेले नाही. बेसन किती पातळ, आंबटपणा किती, हे हाताला ठाऊक असते. तो हात आजीने आईला दिला आणि आईने लेकीला. जिथे मधला दुवा तुटला, तिथे कोणी मावशी किंवा शेजारीण चुलीपाशी बसली आणि तिने दाखवून दिले.

त्या दिवशी दूरच्या शहरांतून आलेली माणसेही बांधावर पंगतीला बसतात. पहिला घास घेऊन कोणी म्हणते, ‘अशीच असायची.’ चुलीपाशी बसलेली वृद्धा काही बोलत नाही. उरलेली अंबील शेतात शिंपडायला ती नातवाच्या हाती तांब्या देते.