जॉन्डिस: नाव आजाराचं की रंगाचं?

मागच्या पावसाळ्यात चिखली तालुक्यातले एक काका आले होते. डोळे हळदीसारखे पिवळे, अंगभर खाजवल्याचे ओरखडे. "डॉक्टरसाहेब, कावीळ दोनदा उतरवून आणली, माळही घातली. पण खाज काही जात नाही." यात ३ आठवडे गेले होते.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात ती माळ तुम्हीही पाहिली असेल, नाहीतर चुना लावलेले हात धुतल्यावर पिवळं होणारं पाणी. पण काकांवर रागावण्याआधी 'जॉन्डिस' हा शब्दच बघा. लॅटिनमध्ये 'गाल्बिनस' म्हणजे हिरवट पिवळा. तो झिजत झिजत फ्रेंचमध्ये 'झोन' झाला, म्हणजे पिवळा. पिवळेपणाला जुन्या फ्रेंचमध्ये 'जॉनिस' म्हणत. इंग्रजीत गेल्यावर त्यात एक 'ड' घुसला, इतकंच. एवढा प्रवास करून शब्द सांगतो काय, तर माणूस पिवळा दिसतोय. का दिसतोय, ते नाही.

आम्ही डॉक्टर केसपेपरवर 'इक्टेरस' लिहितो, तो ग्रीक. हेच नाव एका पिवळ्या पक्ष्यालाही होतं. रोग्याने त्याच्याकडे पाहिलं की रोगी बरा होतो आणि पक्षी मरतो, असं पहिल्या शतकात रोमच्या प्लिनीने लिहून ठेवलंय. आपल्या शिवारातल्या हळद्याचं नशीब, ही गोष्ट इकडे पोचली नाही!

पिवळा रंग येतो बिलिरुबिनमुळे. रक्तात ते साधारण १ मिलिग्रॅमपर्यंत असतं; अडीच-तीनच्या पुढे गेलं की डोळ्यांत दिसतं. ते वाढायची कारणं मात्र वेगवेगळी: दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ए किंवा ई, दूषित सुईतून बी, दारू, सिकलसेलमध्ये फुटणाऱ्या रक्तपेशी, पित्तनळीतला अडथळा. यातला 'ए' बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरा होतो आणि श्रेय माळेला मिळतं. 'ई' मात्र गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकतो. तिथे एक दिवसही थांबू नका. रुग्ण असंबद्ध बोलायला लागला किंवा सारखा झोपेत राहिला, तरी तसंच.

काकांना मी शौचाचा रंग विचारला. "पांढुरकी, मातीसारखी." त्यात खाज आणि गडद लघवी, म्हणजे पित्त आतड्यात उतरतच नव्हतं. सोनोग्राफीत पित्तनळीत खडा दिसला. मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीने तो काढला. महिन्याभराने काका डोळे दाखवायला आले, तेव्हा ते स्वच्छ पांढरे होते. गळ्यात माळ अजून होती. मी काही बोललो नाही.