सलंगावरची जाळी

तलावाची पातळी वर्षभर एकसारखी ठेवायची आणि तिलापियाला आत येऊ द्यायचं नाही, ही दोन्ही कामं मी एकदमच अंगावर घेतली आणि दोन्ही बिघडवली.

आमचा तलाव माजी मालगुजारी, म्हणजे लोकांच्या बोलण्यातला मामा तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. आमच्या मच्छीमार संस्थेच्या सभेत सलंग, म्हणजे जादा पाणी निघून जायची भिंत, उंच करायचा ठराव मी मांडला. वर बारीक जाळीही बसवली. खालच्या नाल्यातली तिलापिया पुरात चढून येते, याबद्दल मला शंकाच नव्हती. एक म्हातारे ढिवर म्हणाले, "बाबू, पाणी चढू दे, उतरू दे. मासा त्याच्यावरच जगते." मी ते कानाआड केलं.

मोठा पाऊस आला तेव्हा जाळीला पळसाची पानं, तणस, बेशरमाच्या फांद्या चिकटून बसल्या आणि पाणी पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, माथ्याला लागलं. रात्री विळ्याने जाळी कापावी लागली. पाळ वाचली, पण फुटली असती तर खालचे सगळे धान गेले असते. ती भीती अजून मनातून जात नाही.

खरं नुकसान मात्र हळूहळू झालं. तलावाचा वरचा उथळ भाग पूर्वी उन्हाळ्यात उघडा पडायचा, तिथे गवत यायचं. पावसात ते बुडालं की मरळ, शिंगूर, बोटरी त्यात अंडी घालायच्या. पाणी कायम राहिल्यावर गवत कुजलं. तिलापियाचं मात्र फावलं. 1952 साली भारतात आणलेला हा मासा विणीसाठी पुराची वाट पाहत नाही. नर उथळ तळात खळगे करतो, मादी अंडी तोंडात सांभाळते. जाळ्यात आलेल्या एका मादीचा जबडा मी दाबला, तर तळहातावर बारीक पिल्लांचा लोळ पडला. पाणी उतरलं असतं तर ते खळगे उघडे पडले असते. त्यांच्यावर पाणी मीच राखलं होतं.

आणि तिलापिया नाल्यातून आली असं मानायलाही आधार नव्हता. नंतर रोहू-कटल्याचं बोटुकलं म्हणून आलेली पिशवी पांढऱ्या घमेल्यात ओतली, तेव्हा त्यात पाठीच्या पराच्या मागच्या बाजूला काळा ठिपका असलेली पिल्लं दिसली. तो ठिपका तिलापियाच्या पिल्लाची खूण. आधीच्या पिशव्या मी न बघताच तलावात रिकाम्या केल्या होत्या.

सलंग आता पूर्वीच्या उंचीवर आहे आणि उथळ भागात पुन्हा गवत येतंय, पण तिलापिया गेलेली नाही. एकदा रुजली की ती पूर्ण काढणं फार अवघड. म्हणून ज्या संस्था यंदा बीज घेणार आहेत त्यांना कळकळीची विनंती: प्रत्येक पिशवी आधी घमेल्यात ओतून पाहा, ठिपका दिसला तर ते बीज तलावात सोडू नका.